गणिताच्या पेपराआधीचा दिवस

बालवाडीतल्या मदतनीस बाई या वर्षी घरी बसणार आणि त्यांच्या जागी नवी बाई घेणार, ही बातमी मिरचीच्या वखारीत जेवणाच्या सुट्टीत पोचली. कायमची नोकरी, डोक्यावर पंखा, आणि काम काय तर तीस पोरं सांभाळायची, त्यांची नाकं पुसायची. बायकांनी हातातले घास हातातच ठेवले. मग बातमी आणणारी म्हणाली, "पण दहावी पास पाहिजे."

"नाकं पुसायला दहावी?" वखारीतली सगळ्यांत जुनी म्हातारी म्हणाली. "मग पुसून घ्यायला बारावी लागत असेल."

सगळ्या हसल्या आणि पुन्हा जेवायला लागल्या. थोरली हसली नाही.

सासरी ती थोरली सून, म्हणून वखारीतही तिला थोरलीच म्हणत. नववी पास झाली त्याच सुट्टीत तिचं लग्न लागलं. दहावीची पुस्तकं घरात येऊन पडली होती, ती धाकट्या भावाच्या कामी आली. त्या लग्नाला अठरा वर्षं झाली. त्यातली पंधरा वर्षं ती या वखारीत वाळक्या मिरचीचे देठ खुडत होती. डाव्या मुठीत मिरची धरायची, उजव्या अंगठ्याच्या नखानं देठ उडवायचा, मिरची पुढे, देठ मागे. ते नख आता झिजून बोटाला चिकटलेल्या सालीएवढं उरलं होतं. तोंडाला फडकं बांधलं तरी संध्याकाळपर्यंत घसा सोलून निघायचा. घरी गेल्यावर हात तेलानं चोळायचे, साबणानं घासायचे, तरी ते डोळ्याला लावायची सोय नव्हती. लेक तान्ही असताना थोरली तिला मनगटांवर तोलून पाजायची. बोटं लागू द्यायची नाही.

ती लेक आता दहावीला होती.

थोरलीनं त्या संध्याकाळी चुलीकडे तोंड करूनच विषय काढला. नवरा वखारीचा ट्रॅक्टर चालवायचा. तो दारात बसून पायातले काटे काढत होता.

"घरात एक दहावी पुरे आहे," तो म्हणाला. "एक वर्ष पोरीचा अभ्यास सांभाळ. तुला कशाला या वयात?"

"वय काय, चौतिसावं आहे," थोरली म्हणाली.

"पास झालीस नाही तर? वखारीतल्या बायका जगू देतील?"

लेक कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भर गं फॉर्म. पुस्तकं माझी आहेतच. मी शिकवते तुला."

शाळेच्या मोठ्या बाईंनी फॉर्म दिला, बाहेरून बसायचा. त्याबरोबर एक छापील कागदही दिला. परीक्षेत यश कसं मिळवावं, यावर तो होता. रोज एकाच जागी, एकाच वेळी बसा. पाऊण तास वाचा, दहा मिनिटं थांबा. वाचलेलं न बघता लिहून काढा. पुरेशी झोप घ्या. सकाळी उठल्यावर स्वतःला सांगा, मला जमणार आहे. थोरलीनं तो कागद पिठाच्या डब्यावर चिकटवला आणि त्यातला शब्द न् शब्द पाळायला घेतला. सकाळी चूल पेटवताना ती खरंच मोठ्यानं म्हणायची, "मला जमणार आहे." नवरा अंथरुणातून म्हणायचा, "आधी चहा जमव."

लेकीला तो कागद पाठ होता. शाळेत सगळ्यांनाच दिला होता. "आई, यात एकाच जागी बस म्हणून लिहिलंय," ती म्हणाली, "आपल्या घरात बसायला जागाच एक आहे. तेवढं आपल्याला आपोआप जमलं."

लेकीची अभ्यासाची तऱ्हा वेगळी. वेळापत्रक नाही, मोठ्यानं वाचणं नाही. जुने पेपर घ्यायची, घड्याळ समोर ठेवायची आणि गणितं सोडवत सुटायची. चुकलेलं गणित खोडायची नाही. त्याच्या शेजारी कुठे घसरलो ते दोन शब्दांत लिहायची आणि आठवड्यानं तेच गणित पुन्हा करायची. शहरात एक निवासी शाळा होती. तिथे राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट. पण गणितात नव्वद पाहिजेत. मोठ्या बाईंनी लेकीचं नाव काढून ठेवलं होतं. चाचण्यांत ती चौऱ्याण्णवच्या खाली आली नव्हती.

थोरलीचं सगळं पाठांतरावर. इतिहासाची सालं, विज्ञानाच्या व्याख्या ती देठ खुडता खुडता घोकायची. फडक्याआडून गुणगुण चालायची. आधी बायकांनी टिंगल केली. मुकादम येताना दिसला की कुणीतरी म्हणायची, "गुरुजी आले, पाटी लपव." पण महिन्याभरात त्यांनाच चटक लागली. पुस्तक म्हातारीच्या मांडीवर ठेवलेलं असायचं. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, तरी परीक्षा तीच घ्यायची.

"तुला कसं कळतं गं, ती चुकली ते?" शेजारणीनं विचारलं.

"अडली की चुकली," म्हातारी म्हणाली. "खरं बोलणारं माणूस अडत नाही."

गणित मात्र घोकून येईना. रोज संध्याकाळी चूल पेटायच्या आधी तासभर लेक शिकवायची. थोरली एकदा समजलं म्हणायची, दुसऱ्या दिवशी तेच गणित कोरं. एकदा तिनं वही भिरकावली.

"माझं डोकंच तसलं नाही. राहू दे."

लेकीनं वही उचलून आणली. "डोकं सगळ्यांचं सारखंच असतं. तुझी घाई जास्त आहे. पहिली ओळ लिहिलीस की शेवटची बघतेस. मधल्या ओळी लिही."

"पस्तीस पडले तरी पुष्कळ झाले मला."

"मग पस्तीसचाच अभ्यास करू." लेकीनं पुस्तकातल्या निम्म्या धड्यांवर आडवी रेघ मारली. "हे सोडून दे. आलेख, वर्गसमीकरणं आणि भूमितीतल्या दोन रचना. एवढंच कर, पण झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे."

असं सगळ्या थंडीभर चाललं. लेक आईचे चुकलेले आकडे तपासायची तेव्हा तिची स्वतःची वही शेजारी मिटलेली असायची. थोरलीला ते दिसायचं. ती म्हणायची, "तुझं राहतंय गं." लेक म्हणायची, "माझं होतं." आणि होतही होतं, म्हणून थोरली पुन्हा विचारायची नाही.

परीक्षा सुरू झाली आणि नेमका त्याच पंधरवड्यात वखारीत माल ओतू लागला. गोदाम भरलं तसा मुकादमानं मागच्या मोकळ्या खळ्यावर मिरची पसरली. लांबून बघितलं तर जमिनीला कातडीच नाही असं वाटायचं. पेपराच्या दिवशी थोरली बिनहजेरी राहायची, मधल्या दिवशी कामावर जायची. मुकादमानं तेवढं चालवून घेतलं होतं. "तू कलेक्टर होईपर्यंत सांभाळतो बाई," तो चारचौघींत म्हणाला होता, आणि थोरलीनं मान खाली घालून ते ऐकून घेतलं होतं.

गणिताच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. थोरलीनं तो दिवस मुकादमाकडून मागून घेतला होता. सकाळी सातलाच मायलेकी वह्या घेऊन बसल्या. नऊच्या सुमाराला उजेड मेला. लेकीनं दारातून बाहेर पाहिलं. आभाळ काळं झालं होतं आणि वारा उलटा सुटला होता.

पाठोपाठ वखारीतली शेजारीण धापा टाकत आली. "खळ्यावरची मिरची उचलायचीय. घरटी एक माणूस बोलावलंय. जी येणार नाही तिनं उद्यापासून यायचं नाही, म्हणतोय मुकादम."

"मी सुट्टी घेतलीय," थोरली म्हणाली.

"मी पण तेच म्हटलं त्याला तुझ्याबद्दल. म्हणतो, पाऊस सुट्टी बघून येतो का." शेजारीण तशीच पुढच्या घराकडे पळाली.

नवरा पहाटेच ट्रॅक्टर घेऊन माल पोचवायला गेला होता, संध्याकाळशिवाय येणार नव्हता. थोरली उठली. खुंटीवरचं फडकं काढलं.

"तू बस," लेक म्हणाली.

"काय?"

"तुझी समीकरणं अजून कच्ची आहेत. काल तीनातली दोन चुकलीस. माझा अभ्यास झालाय, मी जाते."

"नाही गं. तुझा पेपर आहे उद्या."

"तुझाही आहे. मला आज वाचलं काय, न वाचलं काय, सारखंच. तुझं आज राहिलं तर गेलंच." लेकीनं आईच्या हातातलं फडकं घेतलं. "दोनचार तासांचं काम. येतेच."

थोरली दारात उभी राहिली. लेक गल्लीच्या वळणावर पोचेपर्यंत हाक मारता आली असती. मग ती आत आली आणि वहीसमोर बसली.

खळ्यावर पन्नास माणसं पाठीत वाकली होती. फावड्यानं मिरची ओढायची, घमेल्यात भरायची, पोत्यात ओतायची. वारा सगळी पूड उठवून तोंडावर आणत होता. लेकीला सवय नव्हती. फडकं नाकावरून घसरायचं, हात मिरचीचे म्हणून वर करता यायचं नाही. शिंका आणि खोकला यांत अंग हिंदकळायचं. म्हातारी लेकीला पेन्सिल म्हणायची. तिनं पाहिलं आणि ती ओरडली, "अगं पेन्सिल, तू कशाला आलीस? जा घरी!" मुकादम मधेच म्हणाला, "जाऊ दे की, पण मग आईला पाठव." लेक घमेलं भरत राहिली. तळहाताची कातडी फावड्याच्या दांड्यानं दोन ठिकाणी सोलली आणि त्यात मिरची गेली. तेव्हा तिनं दात आवळून उभ्यानं एकदा पाय आपटला. तेवढंच.

काम चार तासांत संपलं नाही. ताडपत्र्या कमी पडल्या, भरलेली पोती पुन्हा आत हलवावी लागली. संध्याकाळी पाच वाजता सगळं झाकून झालं. पाऊस पडलाच नाही. दोन थेंब आले, धुळीत ठिपके उठले आणि ढग पुढे निघून गेले.

लेक घरी आली तेव्हा डोळे सुजून फटी झाल्या होत्या. थोरलीनं तिला मोरीत बसवलं. तेल चोळलं, साबण लावला, पुन्हा तेल. सोललेल्या जागी पाणी लागलं की लेक श्वास आत ओढायची.

"सुटली का समीकरणं?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"दहाच्या दहा," थोरली म्हणाली. आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या डोळ्यांची सूज बरीच उतरली होती. दोघी बरोबरच शाळेत गेल्या. बाहेरून बसणाऱ्यांची खोली अगदी टोकाला होती. लेक आपल्या वर्गात गेली, थोरली पुढे चालत राहिली. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर तिला पहिल्यांदाच कागदावरचे प्रश्न ओळखीचे वाटले. आलेख आला होता. दोन समीकरणं आली होती. ती एकेक मधली ओळ लिहीत गेली. तीन तास कसे गेले ते तिला कळलं नाही.

बाहेर आली तेव्हा लेक नळाजवळ बसलेली होती. ओंजळीनं डोळ्यांवर पाणी मारत होती. गणवेशाचा गळा छातीपर्यंत भिजला होता.

झालं ते एवढंच होतं. अर्धा तास पेपर झाल्यावर घाम डोळ्यात उतरला आणि तिनं विसरून बोट फिरवलं. नखात कुठेतरी मिरची राहिली होती. मग दोन्ही डोळे. पर्यवेक्षकांनी तिला नळावर पाठवलं. पाण्यानं आग आणखी पसरली. पाऊण तास ती नळ आणि बाक यांमध्ये फिरत होती. त्यानंतर एक डोळा अर्धवट उघडून जेवढं दिसलं तेवढं लिहिलं. शेवटची दोन पानं वाचलीच नाहीत.

"पर्यवेक्षकांना सांगायचं होतंस," थोरली म्हणाली. "वेळ वाढवून दिला असता."

"सांगितलं. म्हणाले, वेळ सगळ्यांना सारखा."

निकाल लागला तेव्हा मिरचीचा हंगाम संपत आला होता. थोरली पास झाली. गणितात एकेचाळीस. लेकही पास झाली. भाषेत, विज्ञानात, इतिहासात नव्वदीच्या वर, गणितात अठ्ठावन्न. नवऱ्यानं दोन्ही कागद हातात घेतले, एकदा हा वाचला, एकदा तो वाचला. "दोघी पास," तो शेवटी म्हणाला आणि ट्रॅक्टरकडे गेला.

थोरली मोठ्या बाईंकडे गेली. लेक नको म्हणत होती, तरी तिला बरोबर नेलं.

"पुन्हा बसता येईल का हिला? फक्त गणिताला?"

"पास झालेल्याला एकाच विषयाला पुन्हा कसं बसवणार?" मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "आणि त्या शाळेला पहिल्याच वेळचे मार्क लागतात. मी फोन केला होता. नियम म्हणजे नियम, म्हणाले." मग लेकीकडे वळून त्या समजुतीनं म्हणाल्या, "आदल्या दिवशी विश्रांती घ्यायची असते बाळा. कागदात दिलं होतं ना आपण? शेवटच्या दिवशी मन शांत ठेवायचं. हुशार मुलं नेमकी इथेच कमी पडतात."

लेक "हो बाई" म्हणाली.

थोरलीच्या तोंडात आलं होतं, की ती कुठे होती आदल्या दिवशी ते विचारा. पण बालवाडीचा अर्ज याच टेबलावरून पुढे जाणार होता. ती लेकीला घेऊन बाहेर आली.

नोकरी तिला मिळाली. शाळा उघडल्यावर मोठ्या बाईंनी तिला दहावीच्या नव्या वर्गापुढे उभं केलं. अभ्यास कसा केला ते सांगा, म्हणाल्या. थोरलीनं धुतलेल्या हातांकडे बघत सांगितलं, "मला माझ्या मुलीनं शिकवलं. माझ्यासाठी तिनं..." आणि तिथे आवाज अडला. मोठ्या बाई चटकन पुढे आल्या. "बघा मुलांनो, किती नम्रपणा. चौतीस वर्षांची बाई, दिवसभर मिरचीत काम करून पास होते. मग तुम्हाला कसली सबब?" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या रांगेतली एक मुलगी नुसती बघत होती. थोरलीला तिच्याकडे पाहवेना.

लेकीनं जवळच्या कॉलेजात नाव घातलं. तिथे गणिताला मास्तर नव्हता. आधीच्यानं बदली करून घेतली होती आणि नवा यायचा होता. वर्गात जाऊन ती दुपारी परत यायची. घरात पूर्वीसारखीच वागायची. पाणी भरायची, वडिलांना जेवायला वाढायची, विचारलं तर बोलायची. आईवर आवाज चढवला नाही, की भांडं आपटलं नाही. थोरलीला तेच सोसेना. एकदा तरी फाडफाड बोलेल म्हणून तिनं वाट पाहिली. महिना गेला.

एका रविवारी दोघी दारात धान्य निवडत होत्या. नवरा बाहेर होता.

"माझ्यावर चिडलीस का गं?" थोरलीनं विचारलं.

"कशाला चिडू?"

"चिड की. मोकळी तरी होशील."

"मीच म्हटलं होतं ना, तू बस म्हणून. कुणी ढकललं नव्हतं मला." लेकीनं एक खडा काढून बाजूला टाकला. "कुणावर चिडायचं तेच सापडत नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं."

थोरलीनं सूप एकदा हलवलं. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"तू फडकं घेतलंस ना, तेव्हा मी एकदाच नाही म्हटलं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा म्हटलं नाही. तू वळणावर जाईपर्यंत मी दारात होते. हाक मारायला हवी होती. पेपर तुझा आहे, तुझं सगळं त्याच्यावर आहे, सगळं कळत होतं मला. पण मला बसायचं होतं गं. कधी नव्हे ते जमायला लागलं होतं. मला त्या दिवशी माझाच पेपर दिसत होता."

लेकीचे हात थांबले नाहीत. तिनं पुढची मूठ सुपात घेतली, पसरली, बोटांनी चाळली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "वळणावर मी थांबले होते."